मगज

पांढऱ्या रश्श्याचा बेत ठरला की आई मला दुकानात पिटाळायची, "खसखस आण, काजू आण, पन्नास ग्रॅम मगज आण." पुडीत यायच्या कलिंगडाच्या सोललेल्या बिया, चपट्या, पांढऱ्याधोट. मी त्यातलं एखादं हमखास विसरायचो. मग तीच आई म्हणायची, "एकदा सांगून तुझ्या मगजात शिरत न्हाई व्हय?"

एकच शब्द बीलाही आणि डोक्यालाही. हा फारसी 'मग्ज'. फारसीत मेंदू, हाडातला गर आणि बीचा गर या तिन्हींना तो चालतो. कवच फोडल्यावर आत मऊ सापडतं ते मग्ज. तो परकाही नाही. संस्कृतातली 'मज्जा' त्याची चुलत बहीण, आणि रशियन लोक मेंदूला 'मोझ्ग' म्हणतात तोही याच घराण्यातला. (पोरांची 'धम्माल मज्जा' मात्र वेगळी. ती फारसी 'मज़ा', म्हणजे मुळात चव.)

आयुर्वेदाची मज्जा हा सहावा धातू, हाडाच्या पोकळीतला. मटणाची नळी चोखणाऱ्या कोल्हापूरकराला तो समजावून सांगायला नको. पण मग शरीरभर निरोप नेणाऱ्या धाग्यांना आपण 'मज्जातंतू' का म्हणतो? मला हा शब्द बरीच वर्षं ढिसाळ वाटायचा. रसायनशास्त्र वाचलं तेव्हा तो किती चपखल आहे ते कळलं. या धाग्यांवरच्या स्निग्ध द्रव्याला रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५४ मध्ये 'मायलिन' नाव दिलं, ते ग्रीक 'म्युएलोस'वरून. म्युएलोस म्हणजे मज्जाच! हे आवरण वाळवून तोललं तर सत्तर टक्क्यांहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचा भरतो. पुढे लंडनमध्ये थुडिकुम यांनी मेंदूतली द्रव्यं एकेक वेगळी काढली आणि १८८४ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांतल्या एकाचा उलगडा होईना, म्हणून कोडं घालणाऱ्या स्फिंक्सवरून त्याला नाव दिलं 'स्फिंगोसिन'.

 

'स्नायू'ची गंमत याहून दूरची. तालमीत पोरं स्नायू कमावतात ते मांसाचे. हिंदीत मात्र स्नायु म्हणजे मज्जातंतू. संस्कृतात मूळ अर्थ हाडामांसाला बांधणारी दोरी, आणि ग्रीक 'न्यूरॉन'चाही मूळ अर्थ तोच. दोन्ही शब्द एकाच धातूतून निघालेले. दोरीचं एक टोक हिंदीने धरलं, दुसरं आपण.

आई मगज भिजवून पाट्यावर वाटायची. बीतलं तेल पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक थेंब होऊन पसरतात, उजेड विखुरतात, आणि रस्सा दुधासारखा पांढरा दिसतो. मेंदूच्या आतल्या भागाला पांढरं द्रव्य म्हणतात. तिथला पांढरेपणाही स्निग्धाने उजेड विखुरल्यामुळेच आलेला असतो.