गुजराती शाळा आणि घरातली मराठी अक्षरं

बडोद्यातल्या वाचनाचा विषय निघाला की आपण सगळे सयाजीराव महाराजांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. 1875 साली कवळाण्याहून दत्तक आलेल्या या बारा वर्षांच्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानेच पुढे 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. 1910 मध्ये अमेरिकेतून बोर्डन साहेबांना बोलावून ग्रंथालयं उभी केली, पेट्यांमधून खेड्यापाड्यांत पुस्तकं धाडली.

पण आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना मराठी वाचायला कोणी शिकवलं, हे या इतिहासात सापडत नाही. मराठी शाळा गावात होत्या. तरी नोकरी इथेच करायची या हिशोबाने पुष्कळांनी मुलं गुजराती शाळेत घातली, आमच्या वडिलांनीही. म्हणजे पाटीवर गिरवलेली पहिली अक्षरं बिनशिरोरेषेची. ग, न, त, म ओळखीचे वाटायचे. क, ख, ज, झ, इ अगदी निराळे.

मराठी आली ती आजीच्या पोथीतून. सोमवारी ती शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायची आणि आम्ही शेजारी बसायचो. तिचं बोट ओळीवरून सरकायचं. अध्याय ऐकून ऐकून अर्धामुर्धा पाठ झालेला, त्यामुळे बोट कुठल्या शब्दावर आहे हे कानाला आधीच ठाऊक असायचं. डोळ्यांनी नुसतं जुळवायचं. 'वाच' असं ती कधी म्हणाली नाही. चष्मा सापडत नसला की "पुढची ओळ सांग रे" म्हणायची, बस्स. चष्मा खरंच हरवायचा का, याची मला शंका आहे.

घरात मराठी बोलली जात होती म्हणूनच हे जमलं. 'चार' आणि 'चारा' यांतला च लिहायला एकच, उच्चार दोन. 'जीव' आणि 'जावई' यांचं तसंच. छापलेल्या अक्षरात हा फरक दिसत नाही. ज्याने शब्द आधी ऐकलाय त्यालाच तो नीट वाचता येतो. आज नातवंडं अडखळतात ती बहुतेक इथेच. अक्षर येतं, शब्द ऐकलेला नसतो.

दुसरी शाळा म्हणजे पत्रं. पुण्याहून आत्याचं इनलँड आलं की मोठ्याने वाचायचं काम धाकट्याकडे. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे मला शाळेत नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कळलं. आत्याचं अक्षर किरटं, कडेच्या मोकळ्या जागेतही मजकूर. पण लग्न कोणाचं ठरलं हे सगळ्यांना ऐकायचं असे, म्हणून सुटका नसे. मग 'चांदोबा' सोपा वाटला तर नवल काय!

पुढे बँकेत नमुना सह्यांची कार्डं हाताळताना एक गोष्ट दिसायची. आजीची सही शिरोरेषा देऊन मराठीत, सुनेची गुजरातीत, नातीची इंग्रजीत. आडनाव एकच. हे आमच्या आधीही झालंय म्हणा. आजोबांचे हिशोब मोडीत होते. ते वडिलांना लागायचे, मला एक ओळ लागत नाही.

माझी नात मराठी छान बोलते, पण मोबाइलवर लिहिते रोमन अक्षरांत. आत्याच्या पत्रांची पेटी अजून माळ्यावर आहे. हल्ली रविवारी त्यातलं एक पत्र काढून आम्ही दोघं बसतो. मी वाचतो, ती बोट ठेवते. 'चि.' आणि 'ती.' तिला आता न सांगता ओळखता येतात. किरट्या अक्षराला मात्र अजून वेळ आहे.

इंदूर-ग्वाल्हेरकडे शाळेतली हिंदी देवनागरीतच, तेव्हा लिपीची अडचण नसावी. पण ळ घरातूनच आला असेल ना? आणि कानडी शाळेत गेलेल्या बेळगावकरांनी मराठी वाचन कोणाजवळ बसून शिकलं? आपापल्या घरचं जरूर लिहा.