ध्वनिमुद्रण, अंकीय : बिट-खोलीचा इतिहास

ध्वनीचे विद्युत् संकेतात रूपांतर करून त्या संकेताची ठराविक कालांतराने मापे घेणे व ती मापे द्विमान पद्धतीच्या संख्यांत नोंदविणे, या क्रियेस अंकीय ध्वनिमुद्रण म्हणतात. एका सेकंदात किती मापे घेतली जातात, यावर ध्वनीची किती उच्च कंप्रता नोंदली जाईल हे ठरते. प्रत्येक माप लिहिण्यासाठी जितके द्विमान अंक म्हणजे बिट वापरले जातात, त्यांच्या संख्येस बिट-खोली असे म्हणतात. मंदातील मंद व मोठ्यातील मोठा ध्वनी यांमधील किती अंतर मुद्रणात मावेल, हे बिट-खोलीवर अवलंबून असते. या दोन राशी परस्परांहून स्वतंत्र आहेत. बिट वाढविल्याने तार स्वर अधिक स्पष्ट होत नाहीत. मुद्रणातील गोंगाटाची पातळी मात्र खाली जाते.

पूर्वपीठिका : भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता येथे प्रारंभ झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान व इतर कलावंतांचे गायन त्या वेळी मुद्रित केले. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्या लाख व खनिज चूर्ण यांच्या मिश्रणापासून बनवीत. या चुर्णामुळे तबकडी टिकाऊ होई, पण सुई खोबणीतून फिरताना खरखर उत्पन्न होई. १९२५ मध्ये विद्युत् पद्धतीचे मुद्रण आले व मायक्रोफोन वापरात आला. तरीही तबकडीची गतिक व्याप्ती, म्हणजे सर्वांत मोठा ध्वनी व खरखर यांमधील अंतर, सर्वसाधारणपणे ३० ते ४० डेसिबलच राहिले. एका बाजूस सुमारे सव्वातीन मिनिटे, या मर्यादेत गायकांना राग मांडावा लागे.

नासिक येथे जन्मलेले दत्तात्रेय विष्णू पलुस्कर (२८ मे १९२१–२६ ऑक्टोबर १९५५) यांची गायकी याच माध्यमातून घरोघरी पोहोचली. त्यांचे वडील विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी लाहोर येथे १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन केले व पुढे नासिकच्या पंचवटीत आश्रम उभारला. दत्तात्रेय पलुस्करांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४४ मध्ये निघाली आणि वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे त्यांच्या मुद्रणाचा काळ जेमतेम अकरा वर्षांचा. त्या काळातील तबकड्या व फिती यांपलीकडे त्यांचा आवाज कोठेही नाही. अशा सामग्रीचे अंकीय रूपांतर करताना होणारी चूक केवळ तांत्रिक राहत नाही. तबकडी प्रत्येक वादनाबरोबर झिजते, फितीवरील चुंबकीय थर कालांतराने सुटू लागतो. त्यामुळे कित्येकदा रूपांतराची एकच चांगली संधी मिळते. म्हणून बिट-खोली समजून घेणे घरच्या घरी असे काम करणाऱ्यासही आवश्यक ठरते.

तत्त्व : n बिटांनी २ चा n वा घात इतक्या पायऱ्या मिळतात. ८ बिटांत २५६, १६ बिटांत ६५,५३६ व २४ बिटांत १,६७,७७,२१६ पायऱ्या होतात. संकेताचे खरे मूल्य दोन पायऱ्यांच्या मध्ये असल्यास ते जवळच्या पायरीवर आणून बसवावे लागते. या पूर्णांकनात राहणारी तफावत हाच अंकीय मुद्रणाचा अंगभूत गोंगाट होय. एक बिट वाढविल्यास पायरीची उंची निम्मी होते व हा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने घटतो. त्या हिशेबाने आदर्श १६ बिट मुद्रणाची व्याप्ती सुमारे ९८ डेसिबल व २४ बिट मुद्रणाची सुमारे १४६ डेसिबल भरते. मात्र मायक्रोफोन, विवर्धक व रूपांतरक यांतील इलेक्ट्रॉनीय मंडलांच्या स्वतःच्या गोंगाटामुळे, २४ बिटांची म्हणून विकली जाणारी उत्तम उपकरणेही प्रत्यक्षात १२० डेसिबलच्या आसपासच व्याप्ती देतात. तळाचे तीन-चार बिट केवळ या गोंगाटाचीच नोंद करतात.

मोठ्या स्वरात पूर्णांकनाचा दोष जाणवत नाही. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा नाद हळूहळू विरत जातो, तेव्हा मात्र अखेरीस तो दोनचार पायऱ्यांपुरताच उरतो. मग पूर्णांकनाचा दोष संकेताशी निगडित होतो व नाद विरण्याऐवजी खडबडीत होऊन तुटल्यासारखा वाटतो. यावर उपाय म्हणजे पूर्णांकनापूर्वी अत्यंत सूक्ष्म, यदृच्छ गोंगाट मुद्दाम मिसळणे. यास डिदर असे म्हणतात. त्यायोगे विकृतीचे रूपांतर एकसारख्या मंद सळसळीत होते आणि सर्वांत लहान पायरीपेक्षाही क्षीण ध्वनी त्या सळसळीतून ऐकू येऊ शकतो. या विषयाची गणिती मांडणी जॉन व्हँडरकूय व स्टॅन्ली लिपशिट्झ यांनी १९८४ मध्ये केली.

विकास : संकेताची मापे संख्यांनी पाठविण्याची कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्झ या ब्रिटिश अभियंत्याने १९३७ मध्ये पॅरिस येथे काम करीत असता मांडली. लांब पल्ल्याच्या दूरध्वनिवाहिन्यांत प्रत्येक विवर्धकाबरोबर गोंगाट साचत जाई. संख्या मात्र पुनःपुन्हा जशाच्या तशा लिहिता येतात, हे तिचे बीज होते. त्या काळच्या निर्वात नलिकांनी ही पद्धती व्यवहारात आणणे खर्चाचे होते. संगीताच्या मुद्रणासाठी तिचा उपयोग जपानच्या एनएचके या नभोवाणी संस्थेने १९६७ मध्ये केला. त्या यंत्रात १२ बिट वापरले होते. १९७२ मध्ये डेनॉन कंपनीने १३ बिटांचे यंत्र वापरून व्यापारी मुद्रणास आरंभ केला आणि अमेरिकेत टॉमस स्टॉकहॅम यांच्या साउंडस्ट्रीम या कंपनीने १९७६ मध्ये १६ बिटांचे यंत्र वापरले.

सोनी व फिलिप्स यांनी १९८० मध्ये काँपॅक्ट डिस्कचे प्रमाण ठरविले, तेव्हा फिलिप्सचा कल १४ बिटांकडे व सोनीचा १६ बिटांकडे होता. अखेर १६ बिट व सेकंदास ४४,१०० मापे हे प्रमाण स्वीकारले गेले आणि १९८२ मध्ये ही तबकडी जपानमध्ये बाजारात आली. फिलिप्सच्या पहिल्या वादकात १४ बिटांचाच रूपांतरक होता; मापांचा वेग चौपट करून व गोंगाट श्राव्य पट्ट्याबाहेर ढकलून त्यातून १६ बिटांच्या तोडीचे फळ मिळविले गेले.

घरगुती मुद्रण : १९८१ मध्ये सोनीने आणलेले पीसीएम-एफ१ हे सुवाह्य उपकरण व्हिडिओ फीतयंत्रास जोडून १४ किंवा १६ बिटांचे मुद्रण करता येई. १९८७ मध्ये अंकीय ध्वनिफीत आली. वैयक्तिक संगणकासाठी निघालेल्या साउंड ब्लास्टर या १९८९ च्या कार्डात केवळ ८ बिट होते. त्याची आदर्श व्याप्तीही सुमारे ५० डेसिबलच होती. १९९२ मध्ये त्याची १६ बिटांची आवृत्ती आली. २४ बिटांचे रूपांतरक पुढे सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले आणि २०१९ नंतर ३२ बिट चल बिंदू पद्धतीने मुद्रण करणारी लहान यंत्रेही मिळू लागली.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. ज्या तबकडीची व्याप्ती ४० डेसिबल आहे, तिच्यासाठी ९८ डेसिबलचे १६ बिट पुरेसे का नसावेत? केवळ ऐकण्याच्या अंतिम प्रतीसाठी ते पुरेसेच आहेत. २४ बिटांची गरज मुद्रणकर्त्यास मोकळीक मिळावी म्हणून असते. अंकीय पद्धतीत कमाल पातळी ओलांडताच तरंगाचा माथा सपाट कापला जातो व तो परत मिळत नाही. जुन्या तबकडीवरील ओरखड्यांचे टकटक आवाज गायनापेक्षा पुष्कळच मोठे असतात. ते कापले गेल्यास ओरखडे शोधून काढणाऱ्या संगणकीय आज्ञावलीस त्यांचा खरा आकार समजत नाही. म्हणून पातळी कमालीच्या १२ ते १८ डेसिबल खाली ठेवणे हिताचे असते. त्यामुळे दोन ते तीन बिट वाया जातात. २४ मधून तीन गेले तरी २१ उरतात. १६ बिटांत चुकून पातळी ४० डेसिबल खाली राहिली, तर जेमतेम साडेनऊ बिट कामास येतात.

दुसरे कारण संस्करणाचे आहे. आवाज वाढविणे, स्वरपट्टा समतोल करणे, खरखर कमी करणे या प्रत्येक क्रियेत मापांना अपूर्णांकाने गुणावे लागते व गुणाकार अधिक अंकांचा येतो. तो दर वेळी १६ बिटांत कोंबल्यास पूर्णांकनाचे दोष साचत जातात. म्हणून बहुतेक आज्ञावल्या आतील गणित ३२ बिट चल बिंदू पद्धतीने करतात. तीत २४ बिटांइतकी सूक्ष्मता व त्यास जोडून घातांक असल्याने मधल्या टप्प्यावर पातळी कमाल मर्यादेपलीकडे गेली, तरी ती पुन्हा खाली आणता येते. सर्व संस्करण संपल्यावर, अगदी शेवटी आणि एकदाच, डिदर मिसळून १६ बिटांची प्रत काढावी.

गैरसमज व मर्यादा : १६ बिटांची फाइल २४ बिटांत साठविल्याने गेलेली सूक्ष्मता परत येत नाही; नव्या जागी केवळ शून्ये भरली जातात. ३२ बिटांचे मुद्रणही मायक्रोफोनमध्ये किंवा विवर्धकातच झालेली विकृती दूर करू शकत नाही. एमपी३ सारख्या संक्षेपित फाइलीवर लिहिलेली १२८ किलोबिट ही संख्या दर सेकंदाच्या माहितीचे प्रमाण दर्शविते. तिचा बिट-खोलीशी संबंध नाही. योग्य सुईची निवडही बिटांइतकीच महत्त्वाची असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या खोबणीस सुमारे तीन सहस्रांश इंच रुंदीची सुई लागते. दीर्घवादी तबकडीची सुमारे एक सहस्रांश इंचाची सुई त्या खोबणीच्या तळाशी घसरते व धूळच वाचते.

जतन : ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अंकीय जतनासाठी किमान २४ बिट व सेकंदास ४८,००० मापे अशी शिफारस केली आहे. दोन वाहिन्यांच्या अशा मुद्रणास ताशी सुमारे एक गिगाबाइट जागा लागते. आज ही जागा महाग नाही. संस्करण न केलेली मूळ प्रत वेगळी राखणे, हा या कामातील मुख्य नियम होय. खरखर काढून टाकणाऱ्या आज्ञावलीस गोंगाट व तंबोऱ्याचा सूक्ष्म नाद यांतील भेद नेहमीच कळतो असे नाही, आणि तिच्याबरोबर गायकाचा श्वासही जाऊ शकतो. मूळ प्रत शाबूत असल्यास पुढील पिढीला अधिक चांगल्या साधनांनी तेच काम पुन्हा करता येते. अंकीय रूपांतरानंतरही तबकडी किंवा फीत टाकून देऊ नये. तिच्या खोबणीत अथवा चुंबकीय थरात असलेली नोंद ही अखेर कोणत्याही बिट-संख्येने घेतलेल्या मापांच्या आधीची आहे.