बाल्टिमोरची आरी

चामड्याला भोक पाडून त्यातून दोरा ओवायचा, याखेरीज चांभाराच्या आरीला दुसरे काम ठाऊक नाही; परंतु 1859 सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या मॉन्युमेंट चौकात कॅथलिक व परकीय यांच्या विरोधातील पक्षाची जी प्रचारसभा भरली, तीत लोहाराची भट्टी पेटवून, ऐरणीवर आऱ्या घडवून त्या जमावात वाटण्यात आल्या, आणि त्यांचा उपयोग मतदानाच्या दिवशी कोणाच्या अंगावर करावयाचा, हे कोणालाही विचारावे लागले नाही. इंग्रजीत ‘आरी’ आणि ‘सर्व’ या दोन अर्थांचे शब्द उच्चाराने सारखेच असल्यामुळे सर्वांना मतदानाचे आवाहन करणाऱ्या फलकांवर आरीची धमकीही आपोआप उमटली. त्या व्यासपीठावरून हेन्री विंटर डेव्हिस बोलला. विद्वान, ओजस्वी आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध निर्भयपणे उभा राहिलेला हा वक्ता; त्याच्यासारख्या पुरुषाने त्या भट्टीच्या उजेडात उभे राहावे, याचे मला आजही दुःख वाटते.

हे घडले ते ज्या मुलखात, त्याची स्थापनाच मुळी एका कॅथलिक सरदार घराण्याने केली होती. इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन कॅल्व्हर्ट घराण्याने 1634 साली मेरीलँडची वसाहत वसविली. त्या घराण्याची ‘लॉर्ड बाल्टिमोर’ ही पदवीच शहराचे नाव झाली. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांना परस्परांच्या उपासनेत व्यत्यय आणण्याची मनाई करणारा कायदा येथेच 1649 साली झाला, आणि अमेरिकेतील पहिले कॅथलिक धर्मपीठ 1789 साली याच शहरात स्थापन झाले. द्वेष परक्या भूमीत सहज रुजतो असे आपण मानतो. येथे कॅथलिकांचा द्वेष सहिष्णुतेच्याच अंगणात रुजला.

आणि तो निवडणुकीने पेरलेला नव्हता. 1830 नंतरच्या दशकात रॉबर्ट ब्रेकिन्रिज हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक बाल्टिमोरमधून एक मासिक चालवीत असे, आणि त्यातून पोपची सत्ता व कॅथलिक मठ यांवर अविरत आघात होत असत. 1839 च्या ऑगस्टात एक संन्यासिनी कार्मेलाइट मठातून बाहेर पडताच, तिला तेथे बळाने कोंडले होते अशी वदंता पसरून जमावाने त्या मठाला गराडा घातला, आणि तो आवरण्यासाठी शहराला अनेक दिवस बंदोबस्त ठेवावा लागला. म्हणजे राजकारणी लोक आले तेव्हा शब्द तयार होते, भय तयार होते. त्यांना केवळ त्याची मते करावयाची होती.

ती संधी आयर्लंडच्या दुष्काळाने दिली. 1845 पासून पुढे उपाशी आयरिश कुटुंबे जहाजे भरभरून येऊ लागली. जर्मन लोकही आले. ते अल्प मजुरीत काम करीत आणि नागरिकत्व मिळताच बहुधा डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत. तेव्हा परकीयांना एकवीस वर्षांच्या वास्तव्याखेरीज नागरिकत्व देऊ नये आणि कॅथलिकाला अधिकारपद देऊ नये, या मागण्यांवर एक गुप्त मंडळ उभे राहिले. त्याच्या सभासदाला मंडळाविषयी पुसले असता ‘मला काहीच ठाऊक नाही’ असे उत्तर देण्याची आज्ञा होती, म्हणून लोक त्याला ‘नो-नथिंग’ म्हणू लागले. 1856 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत या मंडळातून उभ्या राहिलेल्या पक्षाच्या मिलर्ड फिलमोरला साऱ्या देशात एकच राज्य जिंकता आले, ते मेरीलँड.

ते कसे जिंकले गेले, हे समजण्यासाठी त्या काळची मतदानाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. मतपत्रिका सरकार छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपापली चिठ्ठी छापून वाटी, आणि ती हातात धरून मतदार गर्दीतून खिडकीपर्यंत जाई, त्यामुळे तो कोणाचा हे दुरूनही ओळखता येई. त्या गर्दीत ‘प्लग अग्लीज’, ‘रिप रॅप्स’, ‘ब्लड टब्ज’ अशा नावांच्या टोळ्या उभ्या असत. यांपैकी शेवटची टोळी खाटकाकडील रक्ताच्या टबात विरोधकांची डोकी बुडवी, त्यावरून तिचे नाव पडले. काही निराधार माणसांना आधीच पकडून कोठड्यांत दारू पाजून ठेवीत आणि मतदानाच्या दिवशी या केंद्रावरून त्या केंद्रावर हिंडवून त्यांच्याकडून पुनःपुन्हा मते देववीत. डेमोक्रॅटांच्याही टोळ्या होत्या, आणि त्यांचे हातही स्वच्छ नव्हते. परंतु शहराचा अंमल नो-नथिंगांकडे होता. 1856 च्या ऑक्टोबर व नोव्हेंबरातील दंगलींत माणसे मेली. पुढच्या वर्षी राज्याचा गव्हर्नर लायगन बंदोबस्ताविषयी बोलावयास आला असता महापौर टॉमस स्वान याने त्याचे साहाय्य नाकारले. याच स्वानच्या कारकीर्दीत शहराला पगारी अग्निशामक दल मिळाले आणि ड्रुइड हिल हे विस्तीर्ण उद्यान मिळाले. कर्तबगार कारभारी होता तो, आणि म्हणूनच त्याचा दोष मला अधिक जड वाटतो. कारण आरी टोचणारा हात अडाणी म्हणून कदाचित क्षम्य ठरेल, परंतु तो हात कोठे चालला आहे हे पाहून ज्याने पोलिसांना उभे केले नाही, त्याला ती सबब नाही.

1860 साली राज्याच्या विधिमंडळाने बाल्टिमोरचे पोलीस महापौराच्या हातून काढून राज्याने नेमलेल्या मंडळाकडे सोपविले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत सुधारकांचा जॉर्ज विल्यम ब्राऊन महापौर झाला. आऱ्या आपल्या मूळ धंद्याकडे परत गेल्या. परंतु ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियाने 1856 सालीच, बाल्टिमोरच्या रस्त्यांत गोळ्या चालत होत्या त्याच वर्षी, सरकारी मतपत्रिकेने गुप्त मतदानाची जी रीत घातली, ती मेरीलँडमध्ये 1890 साली आली. तोवर तेथील मतदार आपल्या पक्षाची चिठ्ठी उघड्या हातात धरूनच खिडकीपर्यंत चालत जात राहिला.