अपंग व लोकसेवेतील पात्रता

शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक अथवा मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीस जनतेशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या पदावर नेमावयाचे की नाही, हा प्रश्न आधुनिक काळात अनेक देशांच्या प्रशासनापुढे व न्यायालयांपुढे आला. शिक्षक, परिचारिका, टपाल कार्यालयातील कारकून, बसवाहक, जिल्हाधिकारी, न्यायाधीश ही अशा पदांची ठळक उदाहरणे होत. या प्रश्नात दोन निरनिराळे प्रश्न दीर्घकाळ मिसळलेले होते : संबंधित व्यक्ती ते काम करू शकेल काय, हा पहिला व लोक तिला त्या जागी स्वीकारतील काय, हा दुसरा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांत तिसऱ्याची भर पडली. कामाच्या साधनांत व पद्धतीत कोणता बदल केल्यास ती व्यक्ती ते काम करू शकेल, हा तो प्रश्न होय. लोकसेवेतील पात्रतेचा इतिहास म्हणजे मुख्यतः हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे होत गेल्याचा इतिहास आहे.

प्रारंभीचा काळ : अपंग व्यक्ती अधिकारपदावर असल्याची जुनी उदाहरणे तुरळक आढळतात. लंडनमधील बो स्ट्रीट येथील दंडाधिकारी सर जॉन फील्डिंग हे तरुणपणीच अंध झाले होते. त्यांनी १७५४ ते १७८० पर्यंत न्यायदानाचे काम केले. केवळ आवाजावरून ते अनेक गुन्हेगारांना ओळखत, अशी त्यांची ख्याती होती. केंब्रिज विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्‍री फॉसेट यांची दृष्टी १८५८ मध्ये शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात गेली. तरीही ते ब्रिटिश संसदेत निवडून आले आणि १८८० ते १८८४ या काळात ब्रिटनचे पोस्टमास्टर जनरल होते. पार्सल टपालाची व्यवस्था त्यांच्याच कारकीर्दीत १८८३ मध्ये सुरू झाली. हिंदुस्थानच्या वित्तव्यवहाराविषयी त्यांनी संसदेत सातत्याने आवाज उठविल्यामुळे त्यांना ‘हिंदुस्थानचे प्रतिनिधी’ असे संबोधण्यात येई. या दोघांनाही वाचून दाखविणारे व लिहून घेणारे साहाय्यक उपलब्ध होते. शिक्षण, प्रतिष्ठा व साहाय्य या तिन्ही गोष्टी ज्यांच्यापाशी होत्या, त्यांच्या बाबतीत अंधत्व आड आले नाही. सामान्य अपंगांची स्थिती याच्या अगदी उलट होती. अमेरिकेत सॅन फ्रॅन्सिस्को (१८६७), शिकागो (१८८१) इ. नगरांनी व्यंग असलेल्या व्यक्तींनी रस्त्यावर लोकांच्या नजरेस पडू नये, असे नियम केले. शिकागोतील नियम १९७४ मध्ये रद्द झाला. ज्या व्यक्तीचे रस्त्यावरील दर्शनही निषिद्ध होते, तिला लोकांसमोरील काम मिळण्याचा संभव नव्हता.

महायुद्धे व राखीव जागा : पहिल्या महायुद्धानंतर जायबंदी सैनिकांची संख्या फार मोठी झाल्याने यूरोपीय शासनांना या प्रश्नाकडे लक्ष देणे भाग पडले. जर्मनीने १९२० मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्यांना कामावर घेण्याचे बंधन कायद्याने घातले. ब्रिटनमध्ये १९४४ च्या अधिनियमान्वये वीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांनी तीन टक्के जागा अपंगांना द्याव्यात, असे ठरले. याच अधिनियमाखाली दोन व्यवसाय अपंगांसाठी राखून ठेवण्यात आले : उद्‌वाहकाचा (लिफ्टचा) चालक व मोटारतळावरील रखवालदार. दोन्ही कामांत लोकांशी संबंध येतो. परंतु त्यांत बढतीला वाव नाही आणि विशेष कौशल्यही लागत नाही. राखीव जागांच्या धोरणाने अपंगांना उपजीविका मिळवून दिली. मात्र त्यांना कोणती कामे झेपतील, याविषयीचा समाजाचा संकुचित समज त्याने बदलला नाही.

अमेरिकेतील परिवर्तन : १९७३ च्या पुनर्वसन अधिनियमातील कलम ५०४ अन्वये संघीय अनुदान घेणाऱ्या संस्थांना पात्र अपंग व्यक्तीस केवळ अपंगत्वामुळे वगळण्यास मनाई करण्यात आली. या कलमाचे नियम प्रसृत होण्यास विलंब लागल्याने अपंगांनी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथील शासकीय इमारतीत जवळजवळ चार आठवडे ठिय्या दिला. त्यानंतर प्रसृत झालेल्या नियमांत ‘वाजवी सोय’ या संकल्पनेला निश्चित स्थान मिळाले. तिच्या मर्यादाही लवकरच पुढे आल्या. बधिर विद्यार्थिनीस परिचारिका-शिक्षणक्रमास प्रवेश नाकारणाऱ्या महाविद्यालयाचा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये उचलून धरला. ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या परिचारिकेस शस्त्रक्रियेच्या वेळी मुखपट्ट्यांमुळे सूचना कळणार नाहीत व रुग्णाच्या जिवास धोका पोहोचेल, असा मुद्दा त्यात होता. उलट, क्षयरोगामुळे कामावरून दूर केलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणी (१९८७) त्याच न्यायालयाने संसर्गाची केवळ भीती पुरेशी नाही, धोका किती व किती काळ आहे हे वैद्यकीय पुराव्यावरून व त्या व्यक्तीपुरते तपासले पाहिजे, असे सांगितले. खरा धोका व लोकांची भीती यांतील हा भेद महत्त्वाचा ठरला. १९९० च्या अमेरिकन अपंग अधिनियमाने खाजगी नोकऱ्यांनाही हे तत्त्व लागू केले. ग्राहकांची नापसंती ही सोय नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, असे त्याखालील नियमांच्या अधिकृत भाष्यात स्पष्ट केले आहे.

भारतातील प्रारंभ : भारतात अंधांच्या शिक्षणाचा प्रारंभ १८८७ मध्ये अमृतसर येथे झाला. मुंबईत ॲना मिलार्ड या मिशनरी महिलेने १९०० मध्ये अंधांसाठी शाळा काढली. पुढे तीच दादर येथील कमला मेहता अंधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. राष्ट्रीय अंध संघटना (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली. अपंगांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालयही मुंबईतच १९५९ मध्ये सुरू झाले. वेताचे विणकाम, हातमाग, खडू तयार करणे या ठराविक व्यवसायांपलीकडे अंधांना जी कामे मिळाली, त्यांत कार्यालयातील दूरध्वनिचालकाचे काम प्रमुख होते. त्यात लोकांशी सतत संबंध येत असे, पण तो केवळ आवाजाद्वारे येई. स्वयंचलित यंत्रणा आल्यावर ही पदे घटली. पुढे सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे देताना अपंगांना प्राधान्य मिळू लागले व अनेकांचा चरितार्थ त्यांवर चालला. परंतु भ्रमणध्वनीच्या प्रसाराने तीही बंद पडली. अपंगांना एखादेच काम नेमून देण्याच्या धोरणातील हा दोष होय : ते काम नाहीसे झाले की पात्रताही नाहीशी झाली, असे मानले जाते.

केंद्र शासनाने १९७७ मध्ये तृतीय व चतुर्थ श्रेणींतील पदांत तीन टक्के जागा अपंगांसाठी राखून ठेवल्या. वरच्या दोन श्रेणी त्यातून वगळलेल्या होत्या. अंधांना लोकसेवा परीक्षेस बसण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निर्णयाने मिळाली. त्यांच्यासाठी योग्य ठरविलेल्या पदांकरिता ब्रेल लिपीत किंवा लेखनिकाच्या साहाय्याने उत्तरपत्रिका लिहू द्यावी, असे त्यात म्हटले होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने आरक्षण सर्व श्रेणींस लागू केले. परंतु ते त्या त्या अपंगत्वास योग्य म्हणून निश्चित केलेल्या पदांपुरतेच होते. पदे निश्चितच न केल्याने अनेक वर्षे आरक्षण कागदावर राहिले. पदनिश्चितीतील दिरंगाई ही आरक्षण नाकारण्याची सबब होऊ शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. याच अधिनियमाने सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढून टाकण्यास प्रतिबंध केला. अपघातात पाय गमावलेल्या बसचालकास आगारातील चौकशी खिडकीवर अथवा अन्य समान वेतनाच्या पदावर नेमता येते. असे पद नसल्यास त्याच्यासाठी अधिसंख्य पद निर्माण करावे लागते.

२०१६ चा अधिनियम : संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ मध्ये संमत झाला व भारताने २००७ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. त्यास अनुसरून झालेला २०१६ चा अधिनियम एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस करण्यात आले व शासकीय नोकरीतील आरक्षण चार टक्के झाले. शासकीय मराठीतही याच सुमारास अपंग या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. प्रत्येक शासकीय आस्थापनेने अपंग कर्मचाऱ्यास वाजवी सोय पुरवावी, असे बंधन या अधिनियमाने घातले. अवाजवी भार न पडता एखाद्या विशिष्ट व्यक्तीसाठी आवश्यक व योग्य असे केलेले फेरफार म्हणजे वाजवी सोय होय. सोय व सवलत यांत भेद आहे. सवलतीने कामाची अपेक्षा कमी होते. सोयीने अपेक्षा तीच राहते, ती पूर्ण करण्याचा मार्ग बदलतो. संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली, सांकेतिक भाषेचा दुभाषी, पायऱ्यांलगतचा उतार, परीक्षेत ताशी किमान वीस मिनिटे अधिक वेळ ही सोयींची उदाहरणे आहेत.

हा भेद प्रशासनाच्या गळी उतरण्यास वेळ लागला, हे महाराष्ट्रातील एका उदाहरणावरून दिसते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील या संपूर्ण अंध असून त्यांचे शालेय शिक्षण दादरच्या कमला मेहता अंधशाळेत झाले. २०१६ मध्ये त्या लोकसेवा परीक्षेत ७७३ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. परंतु रेल्वेच्या लेखासेवेतील नियुक्ती त्यांना अंधत्वामुळे नाकारण्यात आली. पुढच्याच वर्षी १२४ वे स्थान मिळवून त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. हिशेब तपासण्याच्या कामास जे अंधत्व बाधक मानले गेले, ते प्रत्यक्ष जनतेत वावरून करावयाच्या प्रशासनास बाधक ठरले नाही.

न्यायिक पदे : या विषयावरील निर्णायक वाद न्यायाधीशांच्या पदांवरून झाला. दिवाणी न्यायाधीशाच्या आरक्षित पदासाठी अपंगत्वाची मर्यादा ४० ते ५० टक्के ठेवणारा तमिळनाडूतील नियम सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये वैध ठरविला. न्यायाधीशास पाहणे, ऐकणे व बोलणे यांची पुरेशी क्षमता असली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. वास्तविक दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयात झॅक याकूब हे अंध न्यायाधीश १९९८ ते २०१३ पर्यंत काम करीत होते. विकास कुमार प्रकरणी फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निर्णयात वाजवी सोयीचा विचारच झाला नसल्याचे दाखवून तो बंधनकारक नसल्याचे सांगितले. वैद्यकशिक्षणाविषयी महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात ऑक्टोबर २०२४ मध्ये, अपंगत्वाच्या केवळ टक्केवारीवरून प्रवेश नाकारता येणार नाही, विद्यार्थी शिक्षणक्रम पूर्ण करू शकेल की नाही, हे मंडळाने तपासावे, असा निर्णय झाला. अखेर ३ मार्च २०२५ रोजी दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशातील नियम रद्द करण्यात आला. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणासही न्यायिक सेवेच्या भरतीतून वगळता येणार नाही व पात्रता ठरविताना वाजवी सोयीचा विचार केला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

मूल्यमापन : सर्वच पदे सर्वांना खुली असावीत, असा या विकासाचा अर्थ नाही. कायद्यात कामाच्या स्वरूपानुसार सूट देण्याची तरतूद आहे व २०२१ मध्ये केंद्र शासनाने भारतीय पोलीस सेवा आणि सशस्त्र दलांतील लढाऊ पदांबाबत तिचा उपयोग केला. मात्र अपात्रता सिद्ध करण्याचा भार आता उमेदवाराकडून नेमणूक करणाऱ्याकडे सरकला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सु. २ कोटी ६८ लाख व महाराष्ट्रात सु. २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. देशातील अपंगांपैकी सु. ३६ टक्केच कामकरी होते. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. तथापि ज्या कचेरीच्या दाराशी केवळ पायऱ्या आहेत, तेथे चाकाच्या खुर्चीवरील कर्मचारी जसा पोहोचू शकत नाही, तसाच चाकाच्या खुर्चीवरील नागरिकही पोहोचू शकत नाही. त्यामुळे कर्मचाऱ्यासाठी केलेली सोय बहुधा जनतेचीही सोय ठरते.