पाणबुड्यांची विद्या कोणी घडविली?

सोलापूरकरांचा आणि समुद्राचा संबंध तो काय? पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिप्परग्याचा तलाव यायचा, नाहीतर उन्हाळ्यात नळाला येणारी बारीक धार. तरीही हल्ली सुट्टी लागली की आपल्या गावची तरुण मुले मालवणची वाट धरतात. तेथे कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग उभा आहे. त्याच्याच आसपास, पाठीवर हवेची टाकी बांधून माणसाला समुद्रात उतरवितात. यालाच 'स्कुबा' म्हणतात. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या रीतसर शिकविणारी संस्थाही आहे.

घटकाभराची हौस वेगळी आणि शिक्षण वेगळे. हौशी माणसाला वाटाड्या हाताला धरून खाली नेतो व वर आणतो. शिकणाऱ्याला मात्र नियम पाठ करावे लागतात. आम्ही पन्नाशी उलटल्यावर हे धडे घेतले. खालची पोवळी व मासे सुंदर आहेत यात शंका नाही, पण आमचे मन गुंतले ते नियमांत. श्वास कधीही कोंडून धरू नये. ठराविक खोलीवर ठराविक वेळेपेक्षा अधिक राहू नये. वर येताना घाई करू नये. पृष्ठभागाखाली सुमारे ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड असते. नियम दिसला की तो विचारतो, हा कोणाच्या जिवावर लिहिला गेला?

आधी नियमाचे कारण पाहू. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नत्रवायू रक्तात आणि मांसात विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने आला तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसे अंगातच बुडबुडे उठतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी मृत्यू येतो.

या रोगाने मोठा बळी घेतला तो हौशी पाणबुड्यांचा नव्हे, पूल बांधणाऱ्या मजुरांचा. नदीच्या तळावर एक प्रचंड पेटी पालथी घालायची, तिच्यात दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवायचे, आणि आत मजुरांनी गाळ उपसायचा, अशी ती रीत होती. अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवरचा पूल १८७४ साली पुरा झाला, तोवर दहाहून अधिक मजूर या रोगाने दगावले होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे काम १८७० साली सुरू झाले. तेथील पेटीतल्या मजुरांनी १८७२ च्या मे महिन्यात वाढीव मजुरीसाठी संप केला. त्याच वर्षी मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाही याच रोगाने जायबंदी झाला. दाब साहेब आणि मजूर असा भेद करीत नाही. मात्र पेटीत रोज उतरावे लागे ते मजुरालाच.

पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिले की हे बुडबुडे नत्रवायूचे आहेत. पण किती खोलीवरून किती थांबत वर यावे याचे कोष्टक मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून ते १९०८ साली प्रसिद्ध केले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन आपल्याला अधिक जवळचे. १९३९ साली 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे गेली, त्यांत गोदीतले कामगारही होते. तेव्हा कामगार संघटनांनीच हॉल्डेन यांना चौकशीत साहाय्यास बोलाविले. त्यांनी स्वतःला बंद कोठडीत कोंडून घेऊन प्रयोग केले. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले.

पुढे १९४३ साली कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी श्वासाबरोबर लागेल तेवढीच हवा देणारी झडप तयार केली, आणि समुद्राचे दार सामान्य माणसाला उघडले. झडपेचे श्रेय त्या दोघांचे खरेच. पण त्या दारातून जिवंत परत यावे कसे, हे शिकविले पेटीतल्या मजुरांच्या लुळ्या पायांनी.

आपल्या सुट्टीचीही कथा अशीच आहे. सोलापुरात पहिली गिरणी १८७७ साली निघाली. त्या काळी गिरणीकामगाराला आठवड्याची सुट्टी ठाऊक नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी काय, पाण्यातला नियम काय, दोन्ही कोणी दान दिलेले नाहीत.

म्हणून मालवणला जाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वाटाड्या थांबा म्हणाला की थांबा. ती तीन मिनिटे फार महाग पडलेली आहेत. आणि त्या वाटाड्यालाही विचारा, "दादा, आज ही तुमची कितवी बुडी?" आपण एकदा उतरतो, तो दिवसातून अनेकदा उतरतो. नत्रवायू त्याच्याही रक्तात साठतो. त्याच्या बुड्यांचा आणि विश्रांतीचा हिशेब कोणी तरी ठेवीत आहे की नाही, हे पाहणे हा आपल्या सहलीचाच भाग आहे.