पद्मिनीचा घसारा

कॉमर्सचा पदवीधर बाकी सगळे विसरतो, पण घसारा विसरत नाही. कुठलीही वस्तू वर्षाला थोडीथोडी झिजते आणि एके दिवशी खातेवहीत तिची किंमत रुपया उरते. गिरगावात आमच्या काकांच्या वाडीत ताडपत्रीखाली अशीच एक रुपयाची वस्तू उभी असते : १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. काकू २०२० साली गेल्या आणि त्यानंतर काकांनी तिला किल्ली लावली नाही. २०२४ साली रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली. नूतनीकरणासाठी गाडी ताडदेवच्या आरटीओत स्वतःच्या पायांनी जायला हवी. नाहीतर भंगार. काकांच्या लेकीने पुण्याहून फोनवर भंगारवाल्याशी बोलणीही केली होती.

काका मला म्हणाले, "बाळ्या, तुझ्याकडे रविवार आहे ना?"

बँकेतल्या माणसाकडे रविवारशिवाय असते काय?

आता ह्या पद्मिनीचे कुळ सांगतो. तिचे माहेर कुर्ल्याचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. विमान, जहाज आणि मोटार, तिन्ही ह्याच देशात झाली पाहिजेत, असा त्या गृहस्थाचा ध्यास. (आमच्याच्याने एक छत्री धड दोन पावसाळे टिकत नाही!) आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी सूत जमले. १९५०च्या दशकात फियाट अकराशे आली आणि तिचे गोल अंग पाहून मुंबईकराने ताबडतोब बारसे केले : डुक्कर फियाट. पुढे १९७०च्या दशकात इटलीचे नाव गळाले. गाडी काही काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि शेवटी चितोडच्या राणीचे नाव घेऊन 'पद्मिनी' झाली. डुकराची राणी व्हायला वीसेक वर्षे लागली. आमच्या बँकेत क्लार्कचा ऑफिसर व्हायला त्याहून जास्त लागतात.

तेव्हा देशात मोटारी म्हणजे मुख्यतः तीन : उत्तरपाड्याची ॲम्बॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. किती काढायच्या हे लायसन ठरवी, म्हणून मोटारीपेक्षा रांग लांब. काकांचा छोटा छापखाना होता. त्यांनी नंबर लावला तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. गाडी आली तेव्हा केस गेले होते आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीही येऊन ठेपली होती. सगळे गिरगाव मारुतीच्या रांगेत शिरत असताना काका फियाटच्या रांगेतून विजयी मुद्रेने बाहेर पडले.

कर्ज काढून फियाट घेण्याची परंपरा मात्र थोर आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये, खात्यात ७,०००. बाकीचे ५,००० बँकेकडून. जानेवारी १९६६ मध्ये ते ताश्कंदला गेले ते परतलेच नाहीत, आणि ते कर्ज ललितादेवींनी पेन्शनमधून फेडले. कर्जखात्यावर बसणाऱ्या माणसाला ही हकिगत ऐकून उभे राहावेसे वाटते. कुर्ल्यातून जाणाऱ्या जुन्या आग्रा रोडला आज शास्त्रीजींचेच नाव आहे.

तर रविवार. ब्रेक आणि टायर आधीच मिस्त्रीकडून करून घेतले होते, कारण पुतण्याच्या हौसेपायी काकांनी विल्सन कॉलेजच्या भिंतीत शिरावे हे बरे नव्हे. इंजिनाला मात्र मिस्त्रीचा पोऱ्या हात लावीना. त्याने बॉनेटखाली डोकावून विचारले, "अंकल, ह्याला स्कॅनर कुठे लावायचा?"

मग मीच बाह्या सरसावल्या. जुने पेट्रोल काढले, नवी बॅटरी बसवली, प्लग पॉलिश पेपरने घासले. डिस्ट्रिब्यूटरची टोपी पुसायची म्हणून चारही वायरी उपटल्या. परत लावताना पहिल्याला पहिली, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी अशा शिस्तीत लावल्या. टोकन नंबराप्रमाणे. चोक ओढून किल्ली फिरवली.

धडाम्!

वाडीतली कबुतरे उडाली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारले, "विसर्जन आजच आहे का हो?"

"क्रम चुकला," काका म्हणाले. "चार सिलिंडर ओळीने पेटत नाहीत. तसे पेटले तर इंजिनाला हिसके बसतील. त्यांचा क्रम वेगळा असतो."

"कोणता?"

काका बराच वेळ बॉनेटकडे पाहत राहिले. चाळीस वर्षे तोंडपाठ असलेली गोष्ट. हल्ली असे होते, चष्म्यापासून नातवंडांच्या नावांपर्यंत. मग सवयीने ते जिन्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या काकूला विचार."

कोणीच काही बोलले नाही. पाना पुसायला मला एकाएकी फार वेळ लागला.

मग मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत छापखान्यातली एक खतावणी होती. पेट्रोलचा थेंब न् थेंब तारीखवार, काकांच्या अक्षरात. शेवटच्या पुठ्ठ्यावर मात्र काकूचे वळणदार अक्षर. दर रविवारी काका बॉनेटमध्ये, काकू टॉर्च धरून. तेव्हा टिपून ठेवलेले : 'दूध ४ लि. बाकी. इस्त्रीवाला १२ कपडे. वायरी १-३-४-२. ह्यांना दरवेळी सांगावे लागते.'

म्हणजे तोंडपाठ कधीच नव्हते!

काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खळखळून हसले. मी वायरी लावल्या. एक, तीन, चार, दोन. किल्ली. जरा खोकून इंजिन लागले.

सोमवारी रजा टाकून आम्ही ताडदेवला गेलो. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी इथेच नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तीही रस्त्यावरून गेली. आमची पास झाली. पाच वर्षे मिळाली. गाडीला, माणसांच्या नूतनीकरणाची खिडकी अजून कोणी उघडलेली नाही.

संध्याकाळी काकांनी खतावणीत नवी नोंद केली : 'दुरुस्ती : बाळ्या. मजुरी : चहा २ कप.' त्याखाली जरा थांबून लिहिले : 'मार्गदर्शन : नेहमीप्रमाणे.'

घसारा कसा काढायचा हे मला येते. ह्या नोंदीवर कसा काढायचा, ते मात्र कॉमर्सला शिकवलेले नाही.