राख, पावडर आणि गाजराचा वाफा

परसबागेत गाजर लावणाऱ्या बायांकडून आम्हाला हमखास एक प्रश्न येतो: "पाल्यावर मावा पडलाय, कुठली पावडर टाकू?" कुठली पावडर ते आम्ही शेवटी सांगूच. पण आधी "पावडर" या शब्दाबद्दल बोलायचं आहे. आपल्या आज्यांच्या तोंडी हा शब्द नव्हता, त्या "राख टाक" म्हणायच्या. राखेची पावडर कधी झाली, हा आपल्या पनवेल भागाचा इतिहास आहे आणि शाळेच्या पुस्तकात तो सापडत नाही.

राख चुलीतली, शेणीची नाहीतर लाकडाची. सकाळी दव असताना चाळून पाल्यावर भुरभुरायची. मावा हा मऊ अंगाचा किडा. बारीक राख अंगाला चिकटली की तो कोरडा पडतो, आणि राखेचा थर बसलेलं पान खायला किड्यांनाही नको असतं. वालाचं नि पावट्याचं बियाणंही राखेतच ठेवायचे. झाडांना धुरी देणं, वावडिंग वापरणं हे तर सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातही आहे. पण राख म्हणजे जादू नव्हे. पाऊस आला की धुऊन जाते, आणि जमिनीत बसून मुळं कुरतडणाऱ्या हुमणीला तिचं काहीच वाटत नाही. जुनं ते सगळं सोनं असं आम्ही म्हणणार नाही.

आता पावडरीकडे येऊ. ती घरात आली ती भाजीसाठी नव्हे, तर हिवतापासाठी. स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांनी १९३९ साली डीडीटीने किडे मरतात हे शोधलं, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्या देशात तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाखांच्या आसपास माणसं त्यात जायची. १९५३ मध्ये सरकारने हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. गावोगाव माणसं पंप घेऊन फिरली, घरांच्या भिंती फवारल्या. १९६१ पर्यंत रुग्णांचा आकडा पन्नास हजारांच्या आत आला. हे विसरून डीडीटीला नुसत्या शिव्या घालणं बरोबर नाही. त्या पावडरीने कितीतरी आयांची लेकरं वाचवली.

या कार्यक्रमाला डीडीटी पुरवायला सरकारने १९५४ साली हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी काढली. पहिला कारखाना दिल्लीला, दुसरा केरळात, आणि तिसरा १९७७ साली आपल्या शेजारी, रसायनीला. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या गाडीत सोमाटणे गेलं की रसायनी स्टेशन लागतं, तेच हे. तिथे मॅलॅथिऑन आणि पुढे डीडीटीही तयार झालं. कुणाच्या घरची माणसं अशा कारखान्यांत कामाला लागली, कुणाच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या. औषध दूर कुठेतरी बनतं असं आपल्याला म्हणताच येत नाही, पाताळगंगेच्या काठीच बनत होतं.

जे भिंतीवर चालतं ते वांग्यावर का चालू नये? असा सरळ हिशेब झाला. सरकारी शेतकी योजनाही तेच सांगत होत्या. डीडीटीबरोबर बीएचसी आलं, ज्याला गावात गॅमेक्सीन म्हणायचे. फॉलीडॉल आलं. आमच्या गटांतल्या साठीपुढच्या बाया सांगतात, जुन्या लुगड्याच्या फडक्यात पावडर बांधायची आणि ती पुरचुंडी वाफ्यावर झटकत जायचं. हाताला काही नाही, नाकाला काही नाही. कारण हातांना सवय राखेची होती! रंग थोडा वेगळा, वापरायची रीत तीच. राखेच्या जागी विष आलं तेव्हा रीत बदलायला हवी होती, आणि ते बाईला कुणी सांगितलं नाही. शेतकी मेळावे पुरुषांचे, डब्यावरची अक्षरं बारीक आणि बहुतेकदा परक्या भाषेतली.

केरळात १९५८ साली फॉलीडॉल धान्यसाठ्यात सांडलं आणि ते अन्न खाऊन शंभरावर माणसं गेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, देशात कीटकनाशकांचा कायदा झाला. डीडीटी शेतीत वापरायला बंदी आली १९८९ मध्ये. बीएचसीवर बंदी १९९७ मध्ये. म्हणजे तुमच्या-आमच्यातल्या बऱ्याच जणी या बंदीच्या आधीच्या भाज्या खाऊन मोठ्या झाल्या आहेत.

आणि इथे गाजराचा खास संबंध येतो. डीडीटी, बीएचसी, लिंडेन या जातीची औषधं लवकर विरत नाहीत, मातीत वर्षानुवर्षं राहतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लिक्टेनस्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० च्या आसपास अशा मातीत वेगवेगळ्या भाज्या लावून पाहिल्या. विष शोषून घेण्यात गाजर सगळ्यांच्या पुढे निघालं. गाजरात जो तेलकट अंश असतो, विशेषतः सालीत, त्यात ही औषधं मुरतात. वांगं धुता येतं, कोबीची वरची पानं काढता येतात. गाजराने जमिनीतून जे आत घेतलं ते धुऊन जात नाही. आणि किसून बाळाला पहिलं भरवायचं काय, तर गाजर!

आता दुसरी बाजू. ज्या कडुनिंबाला अडाणी बायकांचा पाला म्हणून हिणवलं, त्याचं काय झालं ते ऐका. १९६२ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की निंबोळीच्या गराचं पाणी शिंपडलेलं पीक टोळसुद्धा खात नाहीत. पुढे एका अमेरिकन कंपनीने आणि तिथल्या शेती खात्याने कडुनिंबाच्या तेलाचं युरोपात पेटंट घेतलं. वंदना शिवा आणि त्यांच्या सोबतच्या संघटना लढल्या. २००० मध्ये पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट आपलीच आहे, हे सिद्ध करायला दहा वर्षं लागली.

तर मावा पडलाय, काय करायचं? वाफा लहान असेल तर आधी पाण्याचा जोरदार शिपका पाल्याच्या मागच्या बाजूने मारा. लाल ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, ते मावाच खातात. तरी आटोपलं नाही तर पाव किलो निंबोळीची भरड फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी पिळून गाळा, एकूण पाणी पाच लिटर करा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. आपल्या ओल्या कोकणपट्टीत कडुनिंब कमी, करंज जास्त. घाटावर माहेर असलेल्या मैत्रिणींनी निंबोळ्यांची पिशवी आणली तर गटाचं काम होतं. हुमणीसाठी लावणीआधी माती उकरून उन्हात तापवा, कच्चं शेणखत घालू नका. मुळाला गाठी येत असतील तर पुढच्या हंगामात त्या वाफ्यात झेंडू लावा.

राख चालेल, पण ती लाकडाची हवी. आता घरोघरी गॅस आहे, आणि जी राख दिसते ती बऱ्याचदा कचरा-प्लॅस्टिक जाळलेली. ती अजिबात नको. आणि दशपर्णी अर्काबद्दल: त्यात कण्हेर, रुई, मोगली एरंड असतात, हीही विषारी झाडं आहेत. घरचं म्हणून निरुपद्रवी असं नसतं. उद्या खुडायच्या पालेभाजीवर आज दशपर्णी मारू नका.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. जुन्या घराच्या माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात पावडरीचा एखादा गंजका डबा असेल. चिठ्ठी निघून गेली असेल तरी उघडून वास घेऊ नका. ओढ्यात टाकू नका, जाळू नका, आणि तो डबा धुऊन धान्याला तर मुळीच वापरू नका. मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि गावच्या कृषी सहाय्यकांना बोलावून दाखवा.